डांबर संपते तेथून पुढे

भद्रावतीला पहाटे पोहोचावे, केशरिया पार्श्वनाथांचे दर्शन व्हावे, पूजा व्हावी, भोजनशाळेत नाश्ता व्हावा आणि दहाच्या सुमारास गाडीचे तोंड पुन्हा नागपूरकडे वळावे, अशी विदर्भातील बहुतेक व्यापारी कुटुंबांच्या यात्रेची ठरलेली रीत आहे. ‘स्वप्नदेव’ म्हणून भाविकांत ओळखल्या जाणाऱ्या या तीर्थाच्या प्रांगणातून बाहेर पडताना चित्त शांत असते. पण उद्या दुकान उघडायचे आहे याची आठवणही तेवढ्यात जागी होते. वास्तविक गाव एवढ्यावर संपत नाही. येथेच भद्रनागाचे प्राचीन मंदिर आहे आणि जवळच विजासनच्या टेकडीत कोरलेली बौद्ध लेणी आहेत. मस्तकी नागफणा धारण करणारे पार्श्वनाथ आणि नागालाच देव मानणारे गाव एकाच ठिकाणी भेटावेत, हा योगायोग असेल किंवा नसेल. जंगलाच्या काठावर वसलेल्या माणसाला सापाशी काहीतरी नाते जोडावेच लागते, एवढे मात्र खरे.

त्या जंगलाची सुरुवात येथून फार दूर नाही. भद्रावतीहून दक्षिणेस गेले की तासाभरात गोंड राजांच्या कोटाचे दरवाजे दिसू लागतात, ते चंद्रपूर. तेथून पुढे पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे, थेट छत्तीसगड व तेलंगणाच्या सीमेपर्यंत, महाराष्ट्रातील सर्वांत दाट वनांचा मुलूख पसरलेला आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. झाडांना अर्थात याची खबर नाही.

गेल्या काही वर्षांत घरोघरच्या अंगणात उंच चाकांच्या, चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या उभ्या राहिल्या आहेत. मुलगा हट्ट धरतो, वडील हिशेब मांडतात, शेवटी गाडी येते. मग तिचे सारे आयुष्य दुकान, शाळा आणि लग्नाचे मंगल कार्यालय यांच्यातच जाते. गिअरच्या शेजारचा तो दुसरा छोटा दांडा वर्षानुवर्षे हललेला नसतो. तो कशासाठी असतो हे ज्यांना शिकायचे आहे, त्यांच्यासाठी हा मुलूख सौम्य पाठशाळेसारखा आहे. येथे वाळवंटातील टेकड्या नाहीत, बर्फाच्छादित घाट नाहीत, दरीच्या काठावरची अरुंद वळणे नाहीत. जमीन बहुतेक सपाट आहे, वाटा मुरमाच्या आहेत, ओढे हिवाळ्यात घोट्याइतके उरतात आणि त्यांवर जागोजागी रपटे बांधलेले आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात मध्यम कौशल्याचा चालकही आजी-आजोबांना मागच्या आसनावर बसवून येथे निर्धास्त हिंडू शकतो.

पहिला धडा मात्र प्रवासी म्हणून घेणे चांगले. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात स्वतःची गाडी नेता येत नाही. नोंदणीकृत जिप्सी, तिचा चालक आणि सोबत मार्गदर्शक घ्यावा लागतो. मोहर्ली, कोलारा, नवेगाव अशी प्रवेशद्वारे आहेत, प्रवेशपत्र आधी काढावे लागते, मंगळवारी प्रकल्प बंद असतो. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेला ताडोबा आणि १९८६ साली अभयारण्य झालेली अंधारी मिळून हे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर भरते. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाताना रस्त्याच्या कडेने ओळीने उभे दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळात या खांबांवरून दोर ओढलेले असत, दोरांना घंटा बांधलेल्या असत आणि राजा निघाल्याची वर्दी घंटेघंटेने पुढे जात असे, असे सांगतात. तलावाकाठी तारू देवाचे स्थान आहे. वाघाशी झुंजताना प्राण गमावलेल्या तारूला आदिवासींनी देवपण दिले आणि त्याच्याच नावावरून ताडोबा हे नाव आले, अशी लोकश्रद्धा आहे.

येथे बहुतेकांचे डोळे वाघ शोधत असतात. गाडी चालवणे शिकायला आलेल्याने थोडा वेळ जिप्सीचालकाच्या पायांकडे पाहावे. क्लचवर त्याचा पाय क्वचितच असतो. उतार आला की तो ब्रेक दाबत नाही, खालच्या गिअरमध्ये इंजिनलाच गाडी आवरू देतो. खड्डा दिसला की आधी वेग कमी करतो आणि प्रत्यक्ष खड्ड्यात उतरताना ब्रेकवरून पाय काढतो, त्यामुळे पुढचे स्प्रिंग मोकळे राहतात आणि आतील माणसांना हादरा बसत नाही. वळणाच्या अलीकडे तो थांबतो आणि इंजिन बंद करतो. मग माकडाचा खाकरा किंवा चितळाची हाक ऐकू येते, अथवा काहीच ऐकू येत नाही. हे थांबणे नवख्या चालकाला सर्वांत अवघड जाते.

थांबणे न जमल्याचे उदाहरण जवळच घडले आहे. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर असताना पर्यटकांच्या जिप्सींनी पुढून-मागून वाट अडवली. त्याची चित्रफीत सर्वदूर पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेले लोक दुष्ट नव्हते. पैसे भरले आहेत, मुले सोबत आहेत, वाघ समोर आहे, अशा वेळी ‘आणखी थोडे पुढे घे’ हे वाक्य कोणत्याही सभ्य माणसाच्या तोंडून निघते. म्हणून ते न म्हणण्याचा निश्चय घरूनच करून निघावे लागते.

पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, गाभा क्षेत्र बंद असते. साधूंचा विहार ज्या काळात थांबतो, साधारण त्याच काळात हे जंगलही गाड्यांना दार लावते. कारणेही फार निराळी नाहीत: ओल्या जमिनीवर जीवजंतूंची दाटी असते आणि वाटा चालण्यायोग्य राहत नाहीत. ईर्यासमितीत पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकण्यास सांगितले आहे. दीड टनाच्या गाडीला ते तंतोतंत पाळणे शक्य नाही, परंतु ताशी पंधरा-वीस किलोमीटरने चालणाऱ्या गाडीला रस्ता ओलांडणारे कासव दिसते आणि साठने धावणाऱ्या गाडीला दिसत नाही.

ताडोबातून बाहेर पडल्यावर खरा प्रवास दक्षिणेकडे आहे. चंद्रपूर, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी आणि आलापल्ली असा हा मार्ग साधारण सव्वाशे किलोमीटरचा. बल्लारपुरात लाकडाचे मोठे आगार आहे; अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ साली जे सागवान रवाना झाले, ते याच भागातले. आष्टीजवळ वैनगंगा ओलांडली की चपराळा अभयारण्याचा परिसर लागतो. तेथे वर्धा आणि वैनगंगा एकमेकींना मिळतात आणि पुढे प्राणहिता हे नाव धारण करतात. ज्यांना वेळ आहे त्यांनी गडचिरोलीमार्गे येऊन चामोर्शीजवळ मार्कंडा येथील दगडी मंदिरे पाहावीत. दक्षिणेकडे वाहणारी वैनगंगा तेथे काही अंतर उत्तरेकडे वळली आहे आणि काठावरच्या शिल्पांची घडण पाहून खजुराहो आठवल्यावाचून राहत नाही. या रस्त्यावर सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक मोठ्या संख्येने धावतात. त्यांच्यामागे ओव्हरटेक करण्याची घाई करू नये. धुळीत समोरचे दिसत नाही, आणि डांबरी रस्त्यावरचा हा टप्पा पुढच्या कोणत्याही कच्च्या वाटेपेक्षा जास्त धोक्याचा आहे.

आलापल्ली हे सागाचे माहेर. येथून भामरागडकडे निघाले की काही किलोमीटरवर ‘वनवैभव आलापल्ली’ नावाचा सहा हेक्टरांचा जुना वनखंड आहे. आजूबाजूचे जंगल पिढ्यान्‌पिढ्या तोडले गेले आणि पुन्हा वाढले. हा तुकडा मात्र कुऱ्हाडीपासून राखला गेला. २०१४ साली त्याला राज्यातील पहिल्या जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. वनविभागाच्या कार्यालयात विचारून, शक्य तर एखादा वनमजूर सोबत घेऊन येथे जावे. मुख्य रस्ता सोडला की डांबर संपते आणि तो छोटा दांडा पहिल्यांदा हलतो.

वाट सोपी आहे, परंतु सोप्या वाटेलाही आपली शिस्त असते. निघण्यापूर्वी चाकांतील हवा पाच-सात पौंडांनी कमी केली की टायर दगडगोट्यांवर जरा पसरते आणि पकड घेते. मात्र डांबरावर परतताच ती पुन्हा भरावी लागते, म्हणून हवा भरण्याचा छोटा पंप सोबत हवा. गाडी थांबलेली असतानाच फोर-लो लावावे. ट्रॅक्टरने पाडलेल्या चाकोऱ्या खोल असतील तर गाडी त्यांत उतरवू नये. एक बाजू मधल्या उंचवट्यावर आणि दुसरी कडेला ठेवावी, म्हणजे गाडीचे पोट घासत नाही. सुकाणू सैल धरावे आणि अंगठे आतल्या दांड्यांना अडकवू नयेत, कारण चाक दगडावर आपटले की सुकाणू झटक्याने फिरते आणि अंगठा मुरगळतो. ओढ्यात पाणी चाकाच्या मध्यापर्यंत किंवा त्यावर असेल, अथवा गढूळ असून तळ दिसत नसेल, तर परत फिरावे. आपल्या घरातील व्यापारी वडीलधाऱ्यांना हा नियम समजावून सांगावा लागत नाही, ज्याचा तळ दिसत नाही त्यात ते भांडवल घालत नाहीत. रपट्यावरून पाणी वाहत असताना तर कोणाचेही ऐकू नये, मागच्या गाडीने कितीही भोंगा वाजवला तरी.

एक गोष्ट मात्र कोणत्याही गाडीच्या पुस्तिकेत ठळक अक्षरांत असायला हवी होती. फेब्रुवारीनंतर साग पाने टाकतो. ताटाएवढी ती कोरडी पाने आणि कडेचे वाळलेले गवत यांवर तापलेली गाडी उभी करणे म्हणजे पेटती काडी ठेवण्यासारखे आहे. धुराड्याची नळी आणि तिच्याखालचा भाग इतका तापलेला असतो की गाडीच्या पोटाला अडकलेले गवतही धुमसू शकते. म्हणून गाडी नेहमी उघड्या मुरमावर थांबवावी आणि उतरल्यावर खाली वाकून एकदा पाहावे. उन्हाळ्यातील वणव्यात वाघ-हरणे पळून जातात, निदान प्रयत्न तरी करतात. पाचोळ्याखालचे सरडे, घोणी, गोगलगायी, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची पिले यांना पळण्याची सोय नसते. त्यांची मोजदाद कोणत्याही गणनेत होत नाही.

या आगीशी व्यापाराचाही संबंध आहे, आणि विदर्भातील व्यापारी वाचकाला तो परका नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळला जातो. तेंदूला कोवळी पालवी जोमाने फुटावी म्हणूनही काही ठिकाणी आग लावतात. मग मे महिन्यात, पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीस अंशांवर असताना, पानतोडीचा हंगाम येतो. पहाटे तीन-चारला बायका जंगलात शिरतात, दुपारी पाने घरी आणतात, सत्तर पानांचा एक असे पुडे बांधतात आणि संध्याकाळी फळीवर नेऊन देतात. हजार पुड्यांची एक गोणी धरली जाते. पंधरा-वीस दिवसांच्या या कष्टातून घराचे मोठे खर्च निघतात: बियाणे, मुलीचे लग्न, शाळेची फी. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूची पाने तोडायला गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. ताडोबात वाघ दिसावा म्हणून लोक दूरदूरच्या शहरांतून येतात आणि त्याच जिल्ह्यात वाघ दिसू नये म्हणून पहाटे निघणाऱ्या बायका देवाला हात जोडतात. कच्च्या वाटेवर गाडीसमोर डोईवर भारा घेतलेली बाई आली तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि तिला आधी जाऊ द्यावे. ती वाट तिच्या कामाची आहे, प्रवासी तेथे फिरायला आलेला आहे.

वनोपजाच्या व्यापाराची दुसरी बाजू पाहायची असेल, तर गडचिरोली-धानोरा रस्त्यावर मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक हक्क मिळवणारे हे देशातील पहिल्या गावांपैकी एक. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क गावाच्या ग्रामसभेला मिळाला. हक्क कागदावर आला, पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याकडे होता. तो ग्रामसभेच्या हाती यायला २०११ साल उजाडले आणि त्यासाठी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री स्वतः गावात आले. त्यानंतर गाव आपला बांबू आपण विकू लागले. येथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांची संमती होईपर्यंत चर्चा चालते. पेढीवर भावाभावांत वाटणी करताना सहमतीला किती दिवस लागतात, याचा अनुभव ज्यांना आहे त्यांना या गावाच्या धीराची किंमत अधिक कळेल.

आलापल्लीच्या दक्षिणेस सिरोंचाच्या वाटेवर आतल्या बाजूस कमलापूरचा सरकारी हत्तीतळ आहे. एकेकाळी सागाचे ओंडके ओढण्यासाठी आणलेल्या हत्तींचे हे वंशज. आता ओंडके यंत्रे ओढतात आणि हत्ती पाहुण्यांना दर्शन देतात. जंगली हत्ती मात्र निराळे. २०२१ मध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला आणि धानाच्या बांध्यांत फिरू लागला. कळप कोणत्या बाजूस आहे याची चौकशी वनविभागाकडे किंवा चहाच्या टपरीवर करूनच आतल्या वाटेला लागावे. टपरीवरची बातमी बहुधा ताजी असते.

या भागात कुटुंबासह यायचे म्हटले की आजही घरातील मोठी माणसे एकच प्रश्न विचारतात, आणि तो अकारण नाही. अनेक दशके गडचिरोलीच्या आतल्या वाटा माओवादी हिंसेच्या छायेत होत्या. पोलीस आणि गावकरी दोघांचेही जीव गेले. चित्र बदलते आहे. १ जानेवारी २०२५ रोजी अहेरीहून गर्देवाडापर्यंत एसटीची बस प्रथमच धावली, स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माओवाद्यांच्या एका ज्येष्ठ नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. तरीही एटापल्ली-भामरागडच्या आतल्या वाटांवर स्वतःच्या मनाने शिरू नये. पोलीस ठाण्यात विचारावे, मुख्य रस्ता धरावा आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांना हे वेळापत्रक जड जात नाही. डब्यात खाखरे, मेथीचे ठेपले, मुगाचे लाडू आणि उकाळलेले पाणी घ्यावे; आलापल्लीनंतर जैन आहार मिळेल ही अपेक्षा धरू नये. कांदा-लसूण नको म्हटल्यावर ढाब्यावरचा मालक प्रथम गोंधळतो, मग साधे वरण आणि भात मात्र प्रेमाने वाढतो.

आलापल्लीहून भामरागड साधारण पासष्ट किलोमीटर. भामरागडच्या थोडे अलीकडे हेमलकसा आहे. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढवला. तेव्हा येथे वीज नव्हती, पावसाळ्यात वाट नव्हती, आणि माडिया लोक परक्या माणसाला पाहून पळून जात. आज दवाखाना आहे, निवासी शाळा आहे आणि शिकारीत आईवेगळ्या झालेल्या प्राण्यांचे अनाथालय आहे. शिकार करून आणलेल्या मृत माकडिणीच्या छातीला जिवंत पिल्लू चिकटलेले पाहून आमटे दांपत्याने ते मागून घेतले, तेथून या अनाथालयाची सुरुवात झाली. मोबदल्यात शिकाऱ्याला धान्य दिले गेले. भुकेल्या माणसाला शिकारीचा दोष न देता आधी त्याच्या घरातील अन्नाचा विचार करणारी ही अहिंसा आपल्या पांजरापोळांच्या परंपरेला जवळची वाटावी.

येथून भामरागडात शिरायला पर्लकोटा नदी ओलांडावी लागते. पावसाळ्यात तिला पूर आला की तालुक्याचे हे गाव दिवसेंदिवस जगापासून तुटते आणि दुकानांत पाणी शिरते. गावातील किराणा व्यापारी जूनपूर्वीच मीठ, तेल, तांदूळ यांचा साठा करून ठेवतात. माल किती भरावा हा अंदाज चुकला तर तोटा त्यांचा आणि उपास गावाचा. हिवाळ्यात मात्र ही नदी गोट्यांमधून निमूट वाहते. गावापलीकडे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांचा संगम आहे. इंद्रावतीच्या पलीकडचा काठ छत्तीसगडचा. पात्रात लाकडी डोंग्यांतून माणसे, सायकली आणि बाजाराच्या टोपल्या या काठावरून त्या काठावर जात असतात.

संगमावर रेती आहे, आणि रेती दिसली की नव्या गाडीच्या मालकाला ती तेथे उतरवून पाहण्याचा मोह होतो. ओली रेती वरून घट्ट दिसते आणि खालून सुटते; रुतलेली गाडी काढायला दुपार जाते आणि ट्रॅक्टर शोधावा लागतो. गाडी वर झाडाखाली, उघड्या जमिनीवर ठेवावी आणि शेवटचे शंभर पावलांचे अंतर पायी जावे. तीनच्या सुमारास परतीला निघाले तर उजेडात आलापल्ली गाठता येते. चाकांत हवा भरायची राहिली असेल तर ती येथेच भरून घ्यावी.